ऑइल बदललं आणि जुनी गाडी घाटात ओढेना: बाटलीपासून क्लच प्लेटपर्यंत काय तपासायचं

कराड-पाटण पट्ट्यात जुन्या हिरो होंडा अजून रोजच्या कामाला आहेत. दोन बाजूंना दुधाचे कॅन, मागे पेंडीचं पोतं, आणि गाडी वीस वर्षांची. या गाड्यांची एक तक्रार माझ्याकडे पुन्हा पुन्हा येते: "परवाच ऑइल बदललं, आणि आता गाडी नुसती ओरडते, पळत नाही." तोवर मालकाला कुणीतरी सांगितलेलं असतं की क्लच प्लेट गेल्या, नाहीतर बोअर (सिलिंडरची आतली भिंत) गेला. बऱ्याचदा यातलं काहीच गेलेलं नसतं. चुकीच्या बाटलीतलं ऑइल इंजिनात पडलेलं असतं.

हे मुख्यतः ९७.२ सीसीच्या सीडी १००, स्प्लेंडर आणि पॅशन या गाड्यांबद्दल आहे. इतर जुन्या गाड्यांचे फरक पुढे थोडक्यात सांगितले आहेत.

आधी लक्षणं नीट बघा

क्लच घसरतोय का, हे सपाट रस्त्यावर ओळखता येतं. गाडी टॉप गिअरला तीस-पस्तीसच्या वेगाला आणा आणि ऍक्सिलेटर एकदम पिळा. इंजिनाचा आवाज चढला पण काटा जागचा हलला नाही, तर क्लच घसरतोय. चढावर, डबल सीट असताना किंवा ओझं असताना हे आधी जाणवतं. म्हणूनच गावात बरी चालणारी गाडी कुंभार्ली घाटात दगा देते. घसरण जास्त असेल तर किकही हलकी, रिकामी जाते, कारण या इंजिनात किकची ताकद क्लचमधूनच पुढे पोहोचते.

दुसरं लक्षण याच्या उलट आहे. क्लच दाबला तरी गाडी पुढे ओढते, पहिला गिअर 'खाट' करून पडतो, सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही. म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाही.

तिसरा गट ऑइल संपण्याचा: खाली थेंब दिसत नाही, पण पातळी उतरते, आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. चौथा गट आवाजाचा. टॅपेटची (व्हॉल्व्ह जिथून दाबले जातात तिथली) टिकटिक वाढते, किंवा सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर हेडमधून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातून, कोरडा आवाज येतो आणि थोड्या वेळाने थांबतो.

यातलं नेमकं काय होतंय आणि कधीपासून होतंय, हे लिहून ठेवा. ऑइल बदलल्यानंतर दोन-चार दिवसांत सुरू झालं असेल, तर संशय आधी ऑइलवर घ्यायचा. महिनोन्‌महिने हळूहळू वाढत आलं असेल, तर झिजेवर.

एकच ऑइल तीन कामं करतं

मोटारीत इंजिनाचं ऑइल फक्त इंजिनात असतं. क्लच कोरडा, बाहेर, वेगळा. गिअरलेस स्कूटरचंही तसंच, तिचा क्लचही कोरडाच. आपल्या मोटारसायकलमध्ये मात्र इंजिन, गिअर आणि क्लच एकाच चेंबरमध्ये, एकाच ऑइलमध्ये फिरतात. पिस्टनला त्या ऑइलकडून घसरपणा हवा असतो आणि क्लच प्लेटला पकड. दोन्ही सांभाळणारं ऑइल मुद्दाम तसं बनवावं लागतं. या पोस्टमधल्या जवळपास सगळ्या तपासण्यांचं मूळ इथे आहे.

पहिली तपासणी: रिकामी बाटली शोधा

खर्च शून्य. ऑइल घरी बदललं असेल तर बाटली गोठ्यात किंवा माळ्यावर कुठेतरी असतेच. गॅरेजमध्ये बदललं असेल तर जाऊन विचारा, कोणती बाटली फोडली. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत 'जासो' असं इंग्रजीत लिहिलेलं असतं आणि त्यापुढे एमए, एमए२ किंवा एमबी. जासो हे जपानचं मानक, मोटारसायकलच्या चार स्ट्रोक ऑइलसाठी १९९८ मध्ये आलेलं. एमए म्हणजे ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणारं. २००६ मध्ये त्याचे एमए१ आणि एमए२ असे दोन भाग झाले. एमए२ मध्ये क्लचची पकड अधिक. एमबी म्हणजे घर्षण मुद्दाम कमी केलेलं, गिअरलेस स्कूटरसाठी.

घोटाळा नेमका इथे होतो. स्कूटरची बाटलीही १०डब्ल्यू-३० (हा घट्टपणाचा ग्रेड, त्याचा अर्थ पुढे सांगतो) आणि स्प्लेंडरच्या पुस्तकातही १०डब्ल्यू-३०. घरात दोन्ही गाड्या असल्या की एकच बाटली दोन्हींत जाते. दुकानदारही आकडा बघून देतो, अक्षरं बघत नाही. आकडा बरोबर, अक्षर चूक, आणि क्लच घसरायला लागतो.

मोटारीच्या ऑइलचंही तसंच. ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० अशा पातळ ऑइलच्या बऱ्याच बाटल्यांवर गोल शिक्का असतो आणि त्याच्या खालच्या कडेला 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' असे शब्द. म्हणजे इंधन वाचवण्यासाठी त्यात घर्षण कमी करणारे घटक घातलेले आहेत. मोटारीला ते फायद्याचे, आपल्या क्लचला घातक.

ट्रॅक्टरच्या कॅनमधलं १५डब्ल्यू-४० डिझेल ऑइलही सर्रास ओतलं जातं, कारण ते शेडमध्ये पडलेलंच असतं. ते डिझेलच्या काजळीचा विचार करून बनवलेलं असतं. बाटलीवर जासो एमए नसेल तर आपल्या क्लचवर ते कसं वागेल याची कुणीच हमी दिलेली नाही. नव्वद नंबरचं गिअर ऑइल या इंजिनात कधीच नाही.

बाटलीबरोबर आणखी एक गोष्ट विचारा: ऑइलमध्ये वरून एखादी ट्यूब, 'इंजिन ट्रीटमेंट', मॉलिब्डेनमवालं काही घातलंय का? असेल तर कारण बहुधा तिथेच सापडेल. एमए ऑइलमध्ये लागणारं सगळं आधीच घातलेलं असतं. वरून काही घालू नये, हे माझं ठाम मत आहे.

दुसरी: क्लचची केबल

हीसुद्धा फुकट, दोन मिनिटांची. क्लच लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल हवी, त्यानंतर स्प्रिंगचा जोर लागला पाहिजे. मोकळीक अजिबात नसेल, तर हात न लावताही क्लच थोडा दाबलेलाच राहतो आणि प्लेट घसरतात. मोकळीक फार असेल तर क्लच सुटत नाही आणि गिअर अडकतात. हँडल डावी-उजवीकडे पूर्ण वळवून पुन्हा बघा. एका बाजूला केबल ताणली जात असेल, तर ती चुकीच्या वाटेने बसवली आहे. प्लेट बदलूनही तक्रार तशीच राहिलेल्या गाड्या माझ्याकडे येतात, आणि त्यातल्या काहींना फक्त केबलचा नट फिरवायचा असतो.

तिसरी: पातळी, आणि ती बघायची रीत

सपाट जागा, गाडी डबल स्टँडवर. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, तेवढाच वेळ थांबा. कांडी काढून पुसा आणि भोकात नुसती टेकवा. आटे फिरवून बसवायची नाही, कारण बसवून पाहिली तर पातळी खरी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. साइड स्टँडवर मोजलेल्या पातळीला काही अर्थ नाही.

पातळी खालच्या खुणेच्या खाली असेल, तर तेवढंच ऑइल जास्त तापतं, लवकर खराब होतं, आणि हेडपर्यंत पोहोचण्याची खात्री राहत नाही. वरच्या खुणेच्या वर असेल तर तेही वाईट. ऑइल ब्रिदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरकडे जातं, सीलवर दाब येतो, कधी धूर सुरू होतो. जुनं ऑइल काढलं तरी थोडं आत राहतंच, म्हणून लिटरची बाटली पूर्ण ओतली की या इंजिनात जास्त होतं. भरताना शेवटचा भाग कांडी बघत बघत ओता.

चौथी: रंग आणि वास

काळं ऑइल म्हणजे वाईट ऑइल, हा समज सोडा. चांगलं ऑइल काजळी स्वतःत धरून ठेवतं, म्हणून काळं पडतं. काळजी करायची ती दोन गोष्टींची.

एक म्हणजे पेट्रोलचा वास, आणि त्याबरोबर न भरता वाढलेली पातळी. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल अडवणारी फ्लोट सुई नीट बसत नसेल, तर रात्रभरात पेट्रोल इंजिनात उतरतं आणि ऑइल पातळ होतं. चार-पाच रात्री पेट्रोल कॉक बंद करून ठेवा. पातळी वाढायची थांबली तर दोष कार्ब्युरेटरमध्ये. तो आधी दुरुस्त झाला पाहिजे, नाहीतर नवं ऑइलही पातळ होईल.

दुसरी म्हणजे दुधाच्या चहासारखा रंग. ऑइलमध्ये पाणी मिसळलं आहे. पण इथे घाई नको. डेअरीपर्यंत किलोमीटरभर जायचं आणि परत यायचं, एवढीच गाडी चालत असेल, तर इंजिन पुरतं तापत नाही आणि आतल्या वाफेचं पाणी होतं. पावसाळ्यात आणि थंडीत कांडीच्या टोपणाखाली मलईसारखा पातळ थर दिसतो. फक्त तेवढंच असेल तर आठवड्यातून एकदा गाडी वीस-पंचवीस किलोमीटर सलग चालवा. खालून काढलेलं सगळंच ऑइल दुधाळ असेल, तर मात्र बाहेरून पाणी शिरलं आहे.

कृष्णा-कोयनेच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्यांचं मोठं नुकसान पाण्याने केलं, आणि त्याहून जास्त पाणी ओसरल्यावर मारलेल्या किकने. बुडालेल्या गाडीला किक, सेल्फ काहीही लावू नका. आधी ऑइल काढा, प्लग काढा, मेकॅनिकला दाखवा.

पाचवी: योग्य ऑइल, योग्य ग्रेड

वरच्या तपासण्यांत बाटली चुकीची निघाली, किंवा बाटलीचा पत्ताच लागला नाही, तर आता ऑइल बदला. चारशे-पाचशे रुपयांच्या घरातलं काम. कुणी क्लच उघडायचा म्हटलं, तर त्याआधी हे करा.

आता ग्रेडचा प्रश्न, ज्यावर सगळ्यात जास्त वाद होतात. पुढचा आकडा आणि डब्ल्यू म्हणजे थंडीतलं वागणं, मागचा आकडा म्हणजे तापल्यावरचा घट्टपणा. १०० अंश सेल्सिअसला ३० ग्रेडच्या ऑइलचा घट्टपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्सच्या (घट्टपणा मोजायचं एकक) दरम्यान असतो, ४० चा १२.५ ते १६.३, आणि ५० चा १६.३ ते २१.९. म्हणजे ३० वरून ५० वर उडी मारली, तर तापलेलं ऑइल जवळपास दुप्पट घट्ट होऊ शकतं.

"गाडी जुनी झाली, जाड ऑइल टाक" हा सल्ला गावोगावी मिळतो. जाड ऑइलने आवाज दबतो, हे खरं. पण पिस्टनची झिजलेली रिंग त्याने भरून येत नाही. सकाळच्या पहिल्या मिनिटात जाड ऑइल हेडमधल्या रॉकरपर्यंत उशिरा पोहोचतं, आणि तेवढा वेळ व्हॉल्व्ह उघडणारे कॅम-रॉकर कोरडे घासतात. क्लच प्लेट एकमेकींना चिकटून राहतात, म्हणून गिअर खाटकन पडतो. ऍव्हरेजही पडतं. मालकाला वाटतं गाडी शांत झाली, आणि आतली झीज चालूच राहते.

माझा हिशेब असा. इंजिन ऑइल खात नसेल, आवाज ठीक असेल, तर गाडी कितीही जुनी असो, पुस्तकातलं १०डब्ल्यू-३० एमए किंवा एमए२. ऑइल थोडं उतरत असेल, उन्हाळ्यात ओझं घेऊन घाट चढायचा असेल, तापल्यावर टॅपेट जास्त वाजत असतील (आणि टॅपेटची सेटिंग करून झालेली असेल), तर २०डब्ल्यू-४० एमए. ही एक पायरी या इंजिनाला सोसते. २०डब्ल्यू-५० मी या इंजिनात घालत नाही. आपल्याकडची थंडी १०डब्ल्यू काय, २०डब्ल्यूच्याही मर्यादेपासून खूप दूर आहे, त्यामुळे गाडी चालूच होणार नाही असं काही होत नाही. तरी डिसेंबरच्या पहाटे पातळ ऑइल वर लवकर पोहोचतं, हा फरक खराच.

बाटलीवर एपीआय या अमेरिकन मानकाची अक्षरंही असतात: एसजे, एसएल, एसएन वगैरे. दुसरं अक्षर जितकं पुढचं, तितकं मानक नवं. एसजे १९९० च्या दशकातलं, एसएन २०१० चं. या गाडीला एसजे पुरेसं आहे, पुढचंही चालतं, पण सोबत जासो एमए हवंच. नुसतं एसएन बघून बाटली घेऊ नका.

सिंथेटिक की मिनरल? एमए असेल तर दोन्ही चालतात. पण आधीच सीलमधून ओलसर असलेल्या जुन्या इंजिनात महाग सिंथेटिक घालून मला कधी विशेष फायदा दिसलेला नाही. त्याच पैशात मिनरल ऑइल वेळेवर बदला. ओझ्याच्या, धुळीच्या, कमी अंतराच्या वापराला मी अडीच ते तीन हजार किलोमीटरच्या पुढे जाऊ देत नाही.

बदलताना इंजिन कोमट हवं, कडकडीत तापलेलं नको. खालचा नट १७ नंबरच्या पान्याने सोडवा, आणि त्याचा वायसर नवा घाला. आवळताना पान्याला पाइप लावून जोर देऊ नका. चेंबर ॲल्युमिनियमचा आहे, आटे गेले की पाचशेचं काम हजारोंवर जातं. ऑइल पूर्ण निथळू द्या. आत एमबी किंवा मोटारीचं ऑइल होतं असं नक्की असेल, तर नवं एमए भरून शंभर-दीडशे किलोमीटर चालवा आणि पुन्हा एकदा बदला. पहिल्या बदलानंतर प्लेटमध्ये मुरलेलं थोडं ऑइल उरतं, ते दुसऱ्यांदा निघतं. बहुतेक गाड्यांचा क्लच याच टप्प्यावर पकड धरतो.

सीलबंद बाटलीच घ्या. टोपणाची कडी आधीच तुटलेली असेल तर परत करा. रिकामी झालेली बाटली कापून टाका, नाहीतर तीच बनावट ऑइल भरून पुन्हा बाजारात येते. जुनं ऑइल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. भंगारवाला किंवा गॅरेज ते घेतं.

सहावी: जाळी आणि निघालेलं ऑइल

या इंजिनात मोटारीसारखा कागदी ऑइल फिल्टर नाही. तारेची जाळी आहे आणि क्रँकवर फिरणारा एक सेंट्रीफ्युगल फिल्टर, ज्यात जड कण फेकले जाऊन साचतात. दोन्ही उजव्या कव्हरच्या आत, म्हणून घरच्या ऑइल बदलात त्यांना हात लागत नाही. वीस वर्षांत ते एकदाही साफ झाले नसतील, तर मेकॅनिककडून करून घ्या. नवं ऑइल घाण जाळीतून ओढावं लागलं तर ग्रेड कितीही बरोबर असो, वर कमीच पोहोचणार.

निघालेलं ऑइल मात्र तुम्हीच तपासू शकता. जुन्या बनियनच्या कापडातून गाळा. अगदी बारीक चकचकीत चुरा थोडा असतोच. काळे-तपकिरी मऊ कण म्हणजे क्लच प्लेटचं अस्तर सुटलंय. नखाला लागतील एवढे धातूचे तुकडे दिसले, तर नवं ऑइल भरून गाडी चालू करू नका.

सातवी: धूर कधी येतो

गाडी रात्रभर उभी राहून सकाळी चालू करताच निळा धूर येऊन थांबत असेल, तर व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल उतरतंय. ऍक्सिलेटर दिल्यावर, चढावर, सतत निळा धूर असेल तर रिंग-बोअर. काळा धूर पेट्रोलचा, त्याचा ऑइलशी संबंध नाही. थंडीत सुरुवातीला दिसणारी पांढरी वाफ सोडून द्या. सील बदलणं तुलनेने छोटं काम आहे, म्हणून "बोअरच करावा लागेल" असं कुणी म्हणालं तर आधी कॉम्प्रेशन मोजायला सांगा.

इतर जुन्या गाड्या

जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये इंजिन, क्लचचा चेंबर आणि गिअरबॉक्स वेगळे आहेत, प्रत्येकाचं ऑइल वेगळं. त्यामुळे वरचा हिशेब तिला लागू नाही. नंतरच्या यूसीई (इंजिन-गिअरबॉक्स एकत्र असलेल्या) बुलेटला एकच ऑइल, १५डब्ल्यू-५०. पल्सरच्या पुस्तकात २०डब्ल्यू-५० असेल तर तेच घाला, कारण ते इंजिन त्यासाठीच बनवलेलं आहे. आरएक्स १०० दोन स्ट्रोकची, निळसर धूर तिथे पेट्रोलबरोबर जळणाऱ्या टूटी ऑइलचा असतो. पण तिचाही क्लच गिअर ऑइलमध्ये बुडालेला आहे, त्यामुळे घर्षण कमी करणारं ऑइल तिच्याही गिअरबॉक्समध्ये नको.

इथे थांबा आणि मेकॅनिककडे न्या

इंजिनाच्या खालच्या भागातून जड 'टक-टक' येत असेल आणि ऍक्सिलेटरबरोबर वाढत असेल, तर गाडी तिथेच बंद करा आणि टेम्पोत घालून न्या. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग जात असतं, आणि चालवून नेलं तर क्रँकही जातो. ऑइलमध्ये धातूचे तुकडे, दोनदा बदलूनही दुधाळ ऑइल, हजार किलोमीटरला पाव लिटरपेक्षा जास्त खप, किंवा योग्य ऑइल आणि योग्य केबल असूनही घसरणारा क्लच, ही कामं घरी करायची नाहीत.

क्लच घरी उघडायचा मोह होतो, कारण कव्हरचे बोल्ट साधे असतात. पण आतला नट सोडवायला खास पाना लागतो. छिन्नी-हातोड्याने तो फिरवला की नटाबरोबर शाफ्टचे आटेही खराब होतात.

मेकॅनिकला ऑइलची बाटली किंवा मागच्या लेबलचा फोटो दाखवा, कधीपासून आणि कोणत्या गिअरला घसरतंय ते सांगा. प्लेट काढल्यावर त्या तुमच्यासमोर मोजायला सांगा: जाडी शिल्लक असेल आणि फक्त पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला असेल, तर कारण ऑइल होतं. स्प्रिंगची लांबीही मोजून घ्या, कारण थकलेल्या स्प्रिंगवर नव्या प्लेट बसवून उपयोग नाही. नव्या प्लेट बसवण्याआधी त्या एमए ऑइलमध्ये बुडवून ठेवल्या पाहिजेत. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच चढावर करपतात. आणि कव्हर उघडलेलंच आहे तर जाळी आणि सेंट्रीफ्युगल फिल्टर त्याच दिवशी साफ करून घ्या.